दाराशी उभं राहून ऐकलेलं

उझुनयायला, १९ ऑक्टोबर १९६६

बाबा,

हे पत्र तुम्ही उघडणार नाही, सादेत आत्या उघडेल, हे धरूनच लिहिते आहे. तुम्ही दुकानात पाठ फिरवून पास्तिर्म्याच्या सुकवलेल्या मांसाचे पातळ काप पाडत असाल. आत्या मुद्दाम मोठ्याने वाचेल आणि सुरीचा आवाज कुठे थांबतो तिकडे कान ठेवेल. आत्या, त्यांना आधी चहा दे.

मी खुशाल आहे. समेटासाठी कायसेरीला आलेल्या इथल्या वडीलधाऱ्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवलंत आणि "तिचं नाव या दुकानात काढायचं नाही" म्हणालात, ते मला कळलं. गंमत म्हणजे इथे माझ्याही तोंडून कुणाचं नाव निघत नाही. नवऱ्याचं नाही, सासू-सासऱ्यांचं नाही, नणंदेचंही नाही. चेर्केसांच्या सुनेने नावं घ्यायची नसतात, स्वतःच्या मनाने टोपणनावं ठेवायची असतात. नणंद माझ्याहून बरीच मोठी आहे आणि तिची जीभ तुमच्या सुरीला लाजवेल, म्हणून मी तिचं नाव 'मध' ठेवलं. तिला ते आवडलंय.

तोंडाने चालत नसलं तरी कागदावर चालत असावं. तर नवरा मुरादीन. दर शरदात तो बैल घेऊन यायचा आणि तुम्ही त्याच्याशी तास तास भाव करायचात. तो गेला की म्हणायचात, "पोरगा सरळ आहे." त्याच्याकडून मागणी आली तेव्हा मात्र म्हणालात, "चेर्केसांकडून बैल घेईन, त्यांना मुलगी देणार नाही." मी तेव्हा जिन्यात उभी होते. पुढे मी त्याच्याबरोबर निघून आले, ते पुन्हा उगाळत नाही.

सासरे तेमिर्कान. उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर मी बोलायचंच नाही, ते स्वतः एखादी भेट देऊन "आता बोल" म्हणेपर्यंत. वर्ष लागेल, दोन लागतील. ते खोलीत आले की मी उठून दाराशी उभी राहते. ही शिक्षा नव्हे बाबा, मान राखायची रीत आहे. तुमच्या तोंडाळ मुलीला हे जमतंय, हे ऐकून हसू आलं तर हसा. दिवसभर गप्प असते, म्हणूनच कागदावर हात एवढा चालतोय.

मुख्य गोष्ट सांगते. यांची भाषा मला येत नाही. मुरादीन माझ्याशी आपल्या तुर्कीत बोलतो, पण तो घरात असतो किती? पहिल्या दिवशी जेवताना सगळे बोलत होते आणि मला त्या बोलण्यात कुठे फट सापडेना. शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, काही नाही. नळ सोडून ठेवावा तसं नुसतं चाललेलं. मला वाटलं, ही माणसं फारच भरभर बोलतात. मग मुरादीनशी बोलताना मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, तर काय, आपणही तसेच बोलतो. आपल्या बोलण्यातही शब्दांच्या मध्ये जागा नसते. आपली भाषा असली की ती जागा आपण मनानेच सोडत जातो.

यांच्याकडे 'श' म्हणे तीन प्रकारचे आहेत. मध माझ्या नाकासमोर तोंड आणून बाजारात शिकलेल्या तुर्कीत म्हणते, "हा एक, हा दुसरा, आणि हा तिसरा."

मी म्हणते, "एकच आहे."

ती म्हणते, "तुझ्या डोक्याला कान आहेत की कढईला लावतात तसल्या कड्या?"

आत्या, माझा हिरवा स्वेटर कपाटात खालच्या फळीवर आहे. पाठवता आला तर पाठव. नाही आला तरी चालेल.

नेरिमान


उझुनयायला, २६ जानेवारी १९६७

बाबा,

स्वेटर मिळाला. त्याच्या बाहीत अक्रोड कुणी भरले होते, हे मी विचारत नाही. आत्याला अक्रोडाने खोकला होतो, ती त्यांना हात लावत नाही, एवढंच लिहून ठेवते.

इथे बर्फाने खिडक्या अर्ध्या बुजल्या आहेत. दिवस उजाडतो तोच संध्याकाळचा उजेड घेऊन. सगळं जग लोकरीत गुंडाळून ठेवल्यासारखं मऊ आणि लांब वाटतं. मी शेगडीजवळ लोकर पिंजत बसते आणि ऐकते. मला आता पुष्कळ शब्द येतात. पीठ, पाणी, दार लाव, वेडी आहेस का, मीठ कमी, मीठ जास्त. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसलं की मी मधशी आणि सासूबाईंशी तोडकंमोडकं बोलतेही.

पण वारा सुटला की माझं सगळं शिक्षण उडून जातं. मागच्या आठवड्यात वादळात सासूबाईंनी गोठ्यातून काहीतरी हाक मारली. मध घरातून उत्तरली. त्यांनी पुन्हा काही सांगितलं, ही हसली आणि दोर घेऊन गेली. त्याच वाऱ्यात, त्याच दारात मी उभी होते. मला माणसाचा आवाज आला, पण त्यात एक शब्द सापडला नाही. नंतर मधने सांगितलं, सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोर आण." दोर हा शब्द मला येतो. हिवाळा लागायच्या आधीपासून येतो.

मला वाटलं, आपण मठ्ठ आहोत. मग त्याच दुपारी सासरे रेडिओ लावून बसले. बॅटरी मरत आलेली, नुसती खरखर, मधूनच माणसाच्या आवाजाचा तुकडा. त्यांना तुर्की फारसं येत नाही. लष्करात शिकलेलं 'थांब', 'चल', 'जेवण झालं', एवढंच. मुरादीनही कान लावून थकला. मी दाराशी उभी होते आणि मला स्वच्छ कळलं. कायसेरीचा रस्ता बंद, शनिवारपर्यंत उघडणार नाही. कसं कळलं? अर्धा शब्द आला तरी उरलेला अर्धा माझ्याकडे आधीपासूनच होता, बाबा. लहानपणापासून तुम्ही तो भरून ठेवलाय.

त्यांच्यासमोर बोलता तर येत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मधला सांगितलं, तिने येऊन तिच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी मात्र रेडिओ त्यांच्या उशाजवळच्या फळीवरून हलून दाराजवळच्या कोनाड्यात आला होता, मी उभी राहते त्याच्या अगदी शेजारी. आता रोज दुपारी बातम्या आधी मी ऐकते, मग मध, मग ते. ऐकून झालं की ते मान हलवतात. माझ्याकडे बघत नाहीत, रेडिओकडे बघून मान हलवतात.

मी रडत वगैरे नाही. संध्याकाळी गोठ्यात जाऊन गाईशी तुर्कीत थोडं बोलते, एवढंच. तिला तुर्की येत नाही, पण ती मध्येच तोडत नाही.

नेरिमान


उझुनयायला, १४ मे १९६७

बाबा,

माझे कान फुटले. घाबरू नका, इथली म्हण आहे. कोंबडीचं अंडं फुटतं तसे परभाषेत आलेल्या माणसाचे कान एक दिवस फुटतात, असं सासूबाई म्हणतात.

कधी फुटले ते नेमकं सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. मी ओट्यावर लोकरीच्या ढिगाशेजारी आडवी झाले होते, झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी. बायका बोलत होत्या. मी आईच्या वेळची दुपार समजून ऐकत होते. तुम्ही खाली दुकानात, आई आणि आत्या वर मिरच्या ओवतायत, तसं. त्यातली एक म्हणाली, "पोरीचा बाप अजून लिहीत नाही. तिचं खाणं कमी झालंय. तिला विचारू नका, ओशाळेल. ताटात लोणी जास्त घालत जा." मला वाटलं, कुणाची ही बिचारी पोर? मग जाग आली, आणि लक्षात आलं की बोलणं चेर्केसमध्ये होतं आणि पोर मी होते.

मी डोळे मिटूनच पडून राहिले. न कळण्यातही एक सुख होतं बाबा, ते आता गेलं. पूर्वी माणसं बोलायची आणि मी त्यांच्या आवाजात पाय सोडून बसायचे, ओढ्याकाठी बसावं तशी. आता कान बंद करता येत नाहीत. कुणी काही बोललं की ते कळतंच, नको असलं तरी.

त्या रात्री तुम्ही स्वप्नात आलात. दुकान इथे, या माळावर होतं, दाराशी बर्फ. तुम्ही मुरादीनशी बैलांचा भाव करत होतात आणि तेही चेर्केसमध्ये, अस्खलित, तिन्ही 'श' जागच्या जागी. मला तुमचा शब्द न् शब्द कळत होता. मी हाक मारली तर तुम्ही नम्रपणे विचारलंत, "ही कोणाची मुलगी? काय म्हणते ती?" मी तीच हाक परत मारत राहिले. उठले तेव्हा उशी ओली होती. बाहेर घोड्या चरत होत्या आणि सगळं छान होतं.

शरदात तुम्हाला बैल लागतीलच. यंदा इकडे या. बैल बघायला म्हणून या. मुलगी बघायला आलो असं कुणाला सांगू नका, तुमचा मान राहू दे. मी चहा घेऊन येईन तेवढं बघा.

नेरिमान


उझुनयायला, २१ ऑक्टोबर १९६७

बाबा,

तुम्ही आलात. तीन वेळा हे एकच वाक्य लिहून कागद फाडला. तुम्ही आलात, आणि चहा निवायच्या आत निघून गेलात.

ज्या ट्रकने आलात तोच तुम्ही थांबवून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे मला घेऊन जायच्या तयारीनेच आला होतात. मी मागच्या दाराने रस्त्यापर्यंत धावले तेव्हा नुसती धूळ होती.

तुम्ही त्या खोलीत जे पाहिलंत ते मीही पाहिलं. पण मला दोन्ही बाजूंचं बोलणं कळत होतं, तुम्हाला एकाच बाजूचं. म्हणून त्या खोलीत काय झालं ते आता मी सांगते. आत्या, सावकाश वाच, आणि त्यांना उठू देऊ नकोस.

सासरे पूर्ण वेळ उभे होते. तुम्हाला वाटलं, हा कधी उठतो याची वाट बघत म्हातारा उभा आहे. आत्याला तुम्ही असंच सांगितलं असेल. बाबा, यजमान पाहुण्यासमोर बसत नाही, पाहुण्याने "बसा" म्हटल्याखेरीज. त्यांचे गुडघे पावसाळी हवेत सुजतात. तुम्ही एकदा "बसा" म्हणाला असतात तर किती बरं झालं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत, कारण घर त्यांचं, त्यांना बसा म्हणणारे तुम्ही कोण. कायसेरीत हे बरोबरच आहे.

कशासाठी आलात, असं कुणी विचारलं नाही. तुम्ही दोनदा घसा खाकरलात, मी पाहिलं. इथे पाहुण्याला तीन दिवस तो प्रश्न विचारत नाहीत. विचारलं की 'काम सांगा आणि निघा' असा अर्थ होतो. तुम्हाला वाटलं, मुलीचा बाप दारात आला तरी यांना काही पडलेलं नाही.

"तो पळपुटा कुठे आहे?" असं तुम्ही विचारलंत. तो पळपुटा शेजारी बेस्लानच्या गवताच्या माळ्यावर होता आणि फटीतून तुमचे जोडे बघत होता. सासऱ्याने स्वतः बोलावल्याशिवाय जावयाने त्याच्या नजरेला पडायचं नाही. तुम्ही बोलवाल म्हणून तो दाढी करून बसला होता. अजून शिंकतोय.

आता बेस्लानचं. तो तुमच्या मधोमध बसला होता, दुभाषा म्हणून. गावात त्याच्याइतकं चांगलं तुर्की कुणाला येत नाही आणि त्याच्याइतका सभ्य माणूसही नाही, हाच घोटाळा झाला.

तुम्ही ओरडलात, "चोरलीत माझी मुलगी. बैल चोरावा तशी चोरलीत."

बेस्लानने सासऱ्यांना सांगितलं, "पाहुणे म्हणतात, रस्ता फार लांब होता."

सासरे म्हणाले, "एवढ्या मोठ्याने कुणी थकवा सांगत नाही बेस्लान. पण असो. त्यांना सांग, ही शहरातली पोर महिनाभर टिकेल, असं मला वाटलं होतं. तिने आमचा हिवाळा काढला आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. जिने असं वळण घेतलं तिला वाढवणारा माणूस मला एकदा बघायचा होता. आज दिसला."

सुनेचं कौतुक तिच्यासमोर करत नाहीत आणि मी तर दाराशीच तबक घेऊन उभी होते. बेस्लानचे कान लाल झाले. तो तुम्हाला म्हणाला, "आजोबा म्हणतात, चहा घ्या."

तुम्ही म्हणालात, "चहा गेला चुलीत."

बेस्लान म्हणाला, "पाहुणे म्हणतात, चहा उत्तम आहे."

मला हसू येत होतं, म्हणून मी तबकातले पेले मोजत राहिले. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचे केस या वर्षात एवढे पांढरे झाले, हे आत्याने का कळवलं नाही?

"नेरिमान," तुम्ही म्हणालात, "कोकरा, इकडे बघ. सुखात आहेस? एक शब्द बोल. आत्ताच्या आत्ता घेऊन जातो."

हे बेस्लानने चेर्केसमध्ये सांगितलंच नाही. तो जमिनीकडे बघत राहिला.

आणि मी बोलले नाही. सासरे खोलीत होते. बोलले असते तर पाहुण्यासमोर त्यांची मान खाली गेली असती, आणि लोक म्हणाले असते, कसल्या बापाची मुलगी ही. तुमचाही मान माझ्या त्या गप्प बसण्यावर अवलंबून होता, बाबा, आणि तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. तुम्ही 'कोकरा' म्हणालात तेव्हा माझ्या तोंडात दोन्ही भाषा एकदम आल्या. तुर्कीत माझं उत्तर होतं, "बाबा." चेर्केसमध्ये होतं, "मी इथे सुखात आहे." दोन्ही एकाच वेळी बाहेर पडेनात. बंदी नसती तरीही क्षणभर मी गप्पच उभी राहिले असते.

तुम्ही पेला ठेवलात. "जीभसुद्धा काढून घेतली पोरीची," असं म्हणून उठलात. बेस्लानने सांगितलं, "पाहुण्यांना काम आठवलं."

शाल होती म्हणून एक गोष्ट तुमच्या नजरेला पडली नाही. फेब्रुवारीत तुम्ही आजोबा होणार आहात. सासूबाई म्हणतात, पोटातलं सगळं ऐकतं आणि बाहेर आल्यावर तीच भाषा ओळखतं. दिवसभर ते चेर्केस ऐकतं. म्हणून संध्याकाळी गोठ्यात मी त्याला तुर्कीत सगळं सांगते. तुमच्या दुकानाबद्दल, सुरीबद्दल, जिन्यातल्या खिडकीबद्दल. तुमचा आवाज कधी कानावर पडला तर त्याला तो अगदी परका वाटू नये.

रागावला असाल तर रागवा. पण उत्तर लिहा.

नेरिमान


उझुनयायला, १७ नोव्हेंबर १९६७

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. आत्याचंही आलं नाही, म्हणजे या वेळी तुम्ही पत्र तिच्या हाती लागू दिलं नाहीत.

गेल्या शुक्रवारी नमाजाहून परत येताना सासऱ्यांनी एक शिंगरी दोरीने धरून अंगणात आणली. करडी, चारही पाय पांढरे. सगळ्यांना बाहेर बोलावलं. मी सवयीने दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझी, पोरी. आता बोल."

वर्षभर मी मनात ठरवत होते, पहिला शब्द कोणता बोलायचा. आभार मानायचे, दुवा मागायची, सासूबाईंनी शिकवलेलं सगळं. पण त्यांनी मला वेळच दिला नाही. म्हणाले, "तुझ्या वडिलांनी त्या दिवशी तुला विचारलं, ते मला कळलं होतं. त्याचं उत्तर काय?"

मध म्हणाली, "तुम्हाला कुठे तुर्की येतं, बाबा? 'थांब' आणि 'जेवण झालं' एवढ्यावर?"

"दोन मुली परक्या गावात दिल्या मी," ते म्हणाले. "त्या आवाजात बाप एकच गोष्ट विचारतो. मी कधी विचारली नाही, म्हणून मला ती चांगली ठाऊक आहे."

मग मी बोलले. त्यांच्या भाषेत, त्यांच्यासमोर, पहिल्यांदा. म्हणाले, "मी सुखात आहे. पण ते मला त्यांना त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. सासूबाई डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून आत गेल्या.

सासऱ्यांनी शिंगरीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "पाहुणा माझ्या दारातून दुखावून गेला. चूक या घराची आहे. तुला या दिवसांत ट्रकमध्ये बसवणार नाही. मी जातो. काय म्हणायचं ते त्यांच्या भाषेत शिकव."

मध म्हणाली, "बेस्लानला न्या बरोबर."

"बेस्लान नको," ते म्हणाले. "तो फार सभ्य आहे."

आणि मग त्यांनी आणखी एक सांगितलं. तान्ह्या बाळाच्या कानात बांग देऊन नाव सांगायचं, हा इथे बापाच्या बापाचा हक्क. तो त्यांनी सोडला. म्हणाले, "आमची भाषा त्याच्या कानावर जन्मभर पडणारच आहे. पहिला शब्द आईकडचा पडू दे." तेही त्यांनी मला तुर्कीत शिकवायला सांगितलं.

गेला आठवडाभर आमची शाळा चालू आहे. ते शेगडीजवळ बसतात, मीही बसते, समोरासमोर. दोन छोटी वाक्यं आहेत, पण आपल्या तुर्कीत स्वर किती आहेत हे मला आत्ता कळलं. आपल्या दोन स्वरांतला फरक तर त्यांना ऐकूच येत नाही. मी वेगळे करून म्हणते, "हा एक, आणि हा दुसरा." ते मन लावून ऐकतात आणि म्हणतात, "एकच आहे." कोपऱ्यातून मध पुटपुटली, "कढईच्या कड्या." मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा हसले आणि तेही मिशीत हसले. दुपारी घोड्यांना पाणी पाजताना ते एकटेच ती वाक्यं म्हणत असतात. शेजारची माणसं अंगणाबाहेर थांबून ऐकतात.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात देते आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते तुमच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभे असतील, टोपी हातात, प्रवासाने गुडघे सुजलेले.

त्यांना काय काम आहे ते लगेच विचारा. आमच्या रीतीप्रमाणे तीन दिवस थांबू नका, तुम्ही कायसेरीचे आहात. ते दोन वाक्यं म्हणतील. पहिलं, तुमची मुलगी सुखात आहे. दुसरं, बाळाच्या कानात नाव तुम्ही सांगायचं. ती त्यांनी घोकून घोकून पाठ केली आहेत, तरी पहिल्यांदा तुम्हाला काही कळणार नाही. पुन्हा म्हणायला सांगा, ते रागावणार नाहीत. मीही इथे तशीच शिकले. कळेपर्यंत ऐका.

पण त्याआधी एक करा. तुम्ही म्हणाल्याशिवाय ते बसणार नाहीत. त्यांच्या भाषेतला एक शब्द शिकून घ्या, 'तिस'. म्हणजे बसा. उच्चार चुकला तरी त्यांना कळेल.

तुमची
नेरिमान